रंग न ठरलेली गाडी

आधीच माफी मागतो. कुणाबद्दल लिहिण्याइतका मी मोठा नाही, आणि मराठीत लिहिण्याइतका तर त्याहून नाही. शाळा कन्नडमध्ये झाली, देवनागरी हिंदीच्या तासाला शिकलो, आणि मराठी म्हणजे आमच्या घरी आई-बाबा ज्या भाषेत भांडतात ती. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे घरच्यांना वाटतं की मला सगळं लिहिता येतं. काय येत नाही ते फक्त मलाच माहीत आहे. तरी लिहितो आहे, कारण ज्यांच्याबद्दल लिहायचं ते माझे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, स्वतःबद्दल कधी चार ओळी लिहिणार नाहीत. त्यांच्याबद्दल एक गोष्ट मात्र मी न घाबरता सांगू शकतो. रंगाच्या बाबतीत हा माणूस जगात कुणावरही विश्वास ठेवत नाही. दुकानदारावर नाही, छापील कागदावर नाही, मोबाईलवर नाही, ट्यूबलाइटवर तर मुळीच नाही. सूर्यावर ठेवतात, पण तोही चांगला वर आल्यापासून कलायला लागेपर्यंतच.

आमचे लोक पूर्वीचे रंगारी. कापड रंगवायचं, छापायचं, वाळवायचं. आता कुणी शिवतं, कुणी विकतं, कुणी ऑफिसात बसतं. माझे बाबा हुणसूरला शर्ट-पँट शिवतात. आतोबांचं म्हैसूरच्या बाजारात मॅचिंगचं दुकान आहे, म्हणजे साडीला जुळणारं ब्लाउजपीस, अस्तर आणि फॉल मिळण्याची जागा. कॉलेजसाठी मी आत्याकडे सरस्वतीपुरमला राहतो, त्यामुळे मला ते दुकानातही दिसतात आणि घरातही, आणि दोन्हीकडे ते सारखेच असतात. गिऱ्हाइकानं साडी आणली की ते ती उचलून सरळ फूटपाथवर जातात आणि उन्हात धरतात. गिऱ्हाईक मागोमाग. ऊन गेलं की विक्री बंद, दुकान मात्र उघडं. एकदा संध्याकाळी एक बाई लग्नाची मोरपंखी साडी घेऊन आल्या. आतोबा म्हणाले, “उद्या अकराला या.” बाई म्हणाल्या, “अहो, मुहूर्तच सकाळी आठचा आहे.” आतोबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “मग मुहूर्तापुरती शाल पांघरा.” बाई शेजारच्या दुकानात गेल्या. शेजारच्याचा धंदा गेली कित्येक वर्षं आमच्या आतोबांवर चालला आहे, असं आत्या म्हणते, आणि तो दिवाळीला मिठाईचा पुडा पाठवतो त्यावरून तिचं म्हणणं खरं असावं.

घरी आत्यानं कॉफी दिली की ते आधी पेला खिडकीशी नेतात. रंग मनासारखा नसेल तर पीत नाहीत असं नाही, पितात, पण “आज जरा बदामी झाली” एवढं बोलून. माणसांचेही त्यांनी दोनच प्रकार केले आहेत, पक्क्या रंगाचे आणि कच्च्या रंगाचे, आणि कोण कुठल्या प्रकारचा हे ते चारचौघांत सांगतात. नव्या कपड्याचा कोपरा मिठाच्या पाण्यात बुडवून पाहिल्याशिवाय तो अंगावर चढू द्यायचा नाही हा घरातला कायदा आहे. कॉलेजच्या पहिल्या दिवशी बाबांनी शिवून दिलेला शर्ट घालून मी दारात उभा होतो. आतोबा मिठाच्या पाण्याचा मग घेऊन आले. “कोपराच बुडवतो मगा, दिसायचा नाही,” म्हणाले; मगा म्हणजे कन्नडात पोरा. त्या दिवशी वर्गात मी शर्टाच्या ओल्या कोपऱ्यावर बसलो होतो, आणि बाकावर मागं राहिलेला ओला डाग कसला हे शेजारच्या मुलानं विचारलं तेव्हा मला खरं सांगता आलं नाही. रंग मात्र गेला नव्हता. हे आतोबांना संध्याकाळी सांगितल्यावर ते म्हणाले, “आयतु. तुझ्या बापाला कापड कळतं.” आयतु म्हणजे झालं, ठीक आहे, हा त्यांच्या तोंडचा सगळ्यात मोठा शेरा.

अशा माणसानं विजेवर चालणारी मोटार आगाऊ नोंदवली, याला कारण त्यांची थोरली बहीण. ती पिरियापट्टणला राहते, आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. आई लहानपणी गेल्यावर आतोबांना अक्कानं वाढवलं. त्यांच्या वडिलांच्या रंगाच्या हंड्यांपाशी ती परकरात उभी असायची, आणि कापड कधी बाहेर काढायचं ते वडील तिला विचारायचे, असं आतोबा सांगतात. अशा या अक्काला गाडी लागते. गाडी लागणं आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, पण अक्काचं पाहिलेलं नाही. बस नुसती आवाज करत उभी असली तरी तिला घाम सुटतो. पिरियापट्टणला रेल्वे जात नाही. आतोबांच्या लग्नाला ती बसनं म्हैसूरला आली आणि लग्नभर कार्यालयातल्या शेजारच्या खोलीत डोळे मिटून आडवी होती. मंगलाष्टकं तिनं भिंतीतून ऐकली. अक्षता तिथूनच टाकल्या, त्या भिंतीवर पडल्या. त्यानंतर ती म्हैसूरला आलेली नाही. भावाचं दुकान, भावाचं घर, त्या घरात खालच्या मजल्यावर तिच्यासाठी म्हणून बांधलेली खोली, यातलं काहीच तिनं पाहिलेलं नाही. आणि आता तिला काचबिंदू झाला आहे. गेलं ते परत यायचं नाही, थेंब घालून राहिलं तेवढं राखायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. कडेचं दिसणं जवळपास गेलं आहे, समोरचं अजून आहे. किती दिवस राहील ते कुणी सांगत नाही.

तेव्हा आतोबांनी हिशेब मांडला. अक्काला गाडी लागत नाही, डिझेलचा वास लागतो. विजेच्या गाडीला वास नाही. म्हणजे विजेच्या गाडीत अक्का येईल, आणि दिसतंय तोवर आलीच पाहिजे. आयुष्यभर सायकल आणि सिटी बस याखेरीज कशात न बसलेल्या माणसानं हे जेवताना जाहीर केलं, तेव्हा आत्याच्या हातातली पळी तशीच राहिली. “आणि चालवणार कोण?” तिनं विचारलं. “मी,” आतोबा म्हणाले, आणि भात मागितला.

शोरूममध्ये मला बरोबर नेलं, कारण नोंदणी मोबाईलवरून करायची होती. तिथली मुलगी फार चांगली होती. बोलणं कन्नडमध्ये झालं, मी मराठीत लिहितो. तिनं बॅटरी किती चालते, घरी चार्ज कशी करायची, सगळं नीट सांगितलं. आतोबांनी सगळं ऐकून घेतलं, मग खिशातून पांढरा रुमाल काढला, पाण्याच्या बाटलीतून भिजवला आणि तिथं ठेवलेल्या गाडीच्या दारावर जोरात घासला. रुमाल उलटसुलट पाहिला.

“पाण्यानं सोडत नाही ना?” त्यांनी विचारलं.

“सर, ही गाडी आहे,” ती म्हणाली.

“गाडी आहे ते दिसतंय अम्मा. रंग पक्का आहे का, ते विचारतोय.”

“पक्का आहे सर.”

“मग एक तुकडा द्या.”

“कसला तुकडा, सर?”

“रंगाचा. घरी नेऊन उजेडात बघतो.”

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. तिनं रंगांचं छापील पान पुढं केलं, ते आतोबांनी दोन बोटांनी परत केलं. शेवटी ती आत गेली आणि कुठल्याशा जुन्या गाडीच्या आरशाचं फुटकं टरफल घेऊन आली. “निळा असाच असतो, सर,” म्हणाली. आतोबांनी ते रुमालात बांधून घेतलं. पुढं बरेच दिवस ते टरफल दुकानात अस्तरांच्या शेजारी होतं. एका बाईंनी त्यावरून ब्लाउजपीस मागितलं, आणि आतोबांनी फूटपाथवर जाऊन जुळवून दिलं.

निळा ठरला. नोंदणी झाली. रविवारी त्यांनी पिरियापट्टणला फोन लावला आणि मोठ्यानं, म्हणजे शेजाऱ्यांना कळेल इतक्या मोठ्यानं, अक्काला रंग सांगितला. पलीकडून अक्का म्हणाली, “तम्मा, मला आता निळं आणि काळं एकच दिसतं रे.” तम्मा म्हणजे कन्नडात धाकटा भाऊ, तिनं त्यांना दुसऱ्या नावानं कधी हाक मारलेली नाही. आतोबांनी फोन ठेवला आणि सोमवारी मला घेऊन शोरूमला गेले. दारात उभी राहणारी पहिली गाडी अक्काला काळी दिसावी, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. लाल करा, म्हणाले. मुलीनं समजावलं की रंग बदलला तर नंबर परत शेवटी जाईल. आतोबांना वाटलं, दुकानात ठाण बदलून मागितलं तर गिऱ्हाइकाला रांगेत परत थोडंच उभं करतात. त्यांनी मान हलवली. मीही मान हलवली.

लाल काही महिने टिकला. मग अक्कानं फोनवर सहज सांगितलं की लाल मातीच्या रस्त्यावर सुनेनं लाल पातळ नेसलं होतं आणि मला नुसता चेहरा हवेत चालताना दिसला. आतोबा हसले नाहीत. पिरियापट्टणचा फाटा ते घर हा रस्ता लाल मातीचा आहे. मग पांढरा. पांढरा सगळ्यांनाच हवा असतो म्हणून तो सगळ्यात उशिरा येणार होता. त्यातही त्यांना शंका आली की पांढऱ्यात किती पांढरे असतात, हा दुधी की मोतिया, आणि ते पुन्हा तुकडा मागायला गेले. त्या मुलीनं आता त्यांच्यासाठी खुर्ची बाहेर उन्हात ठेवायला सुरुवात केली होती.

दरम्यान घराची तयारी पूर्ण झाली होती. फाटकाच्या आत गाडीसाठी पत्र्याची शेड झाली. तिथं गाडी चार्ज करायचा मोठा प्लग बसला. वीज येते की नाही याचा भरवसा नको का, म्हणून आतोबा रोज सकाळी त्या प्लगला इस्त्री लावून आपला शर्ट तिथंच, रिकाम्या शेडमध्ये स्टुलावर चादरीची घडी ठेवून, इस्त्री करायचे. मग शेड झाडायची. मग आत्या तिथं रांगोळी काढायची, आणि शेजारच्यांची स्कूटर चुकून जरी आत आली तरी दोघं मिळून तिला बाहेर काढायचे. मोटार शिकायला ते पहाटे जात. शिकवणाऱ्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं की काका छान चालवतात, पण रस्त्यावर साड्या वाळत घातल्या असल्या की थांबतात. परवाना मिळाला. गाडी नव्हती. परवान्यावरच्या फोटोतला चेहऱ्याचा रंग चुकलाय, असं ते सगळ्यांना दाखवत सांगत.

आत्या या सगळ्यात कमी बोलत असे, पण एका दुपारी तिनं वाढता वाढता विचारलं, “अहो, ती गाडी कुणासाठी घेताय?”

“अक्कासाठी.”

“मग ती बघू शकतेय तोवर घ्या. नाहीतर मग रंग कशाला, नुसती गाडीच पुरे.”

आतोबा जेवता जेवता थांबले. “तिला दिसेल असाच रंग नको का? म्हणूनच तर—”

“तुम्ही दिसाल की तिला,” आत्या म्हणाली. “तुमचा कुठला रंग ठरलाय?”

आतोबांनी पानातला उरलेला भात संपवला. पण रविवारी फोन लावला तेव्हा नेहमीसारखे मोठ्यानं बोलले नाहीत. मी शेजारी बसलो होतो. अक्काचा आवाज मला ऐकू येत होता. ती म्हणाली, “तम्मा, काल डॉक्टरकडं नेलं होतं. डाव्याचं संपलं म्हणे. उजवा आहे.” मग म्हणाली, “तू सांगितलेले रंग सगळे छान आहेत. साकु आता, पुरे. येतोस का नाही ते सांग.”

आतोबा म्हणाले, “येतो.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं नाही. शोरूममध्ये गेल्यावर ते त्या उन्हातल्या खुर्चीत बसलेही नाहीत. “आज कुठली देता?” एवढंच विचारलं. मुलीनं सांगितलं की पांढऱ्याला अजून वेळ आहे, पण कुणीतरी घेणारे मागं हटल्यामुळे एक गाडी दोन-चार दिवसांत मिळेल. ती राखाडी होती. राखाडीला आतोबा रंग म्हणत नाहीत. कुणी राखाडी अस्तर मागितलं तर ते वरच्या फळीवरून न बघता काढून देतात, फूटपाथवर नेत नाहीत. ते म्हणाले, “आयतु.” मुलगी म्हणाली, “सर, एकदा बाहेर नेऊन बघा, घाई नको.” ते म्हणाले, “नको अम्मा.” मला वाटतं त्या मुलीला वाईट वाटलं असावं. तिनं आतून एक छोटासा गणपती आणून समोरच्या काचेपाशी चिकटवून दिला, जो किमतीत धरलेला नव्हता.

गाडी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताना ते एकटेच पिरियापट्टणला निघाले. शेडमधून गाडी आवाज न करता बाहेर पडली, त्यामुळे ते निघाले हे आम्हाला फाटक लागल्यावर कळलं. आत्यानं अक्काच्या खोलीतली चादर बदलली, मग पुन्हा बदलली. पुरणाचं केलं होतं. दुपार झाली. माझं परीक्षेचं पुस्तक पुढ्यात होतं आणि मी एकाच पानावर होतो. फोन लागत नव्हता. आत्या दर थोड्या वेळानं फाटकापाशी जाऊन उभी राहायची, आणि विचारलं तर म्हणायची, “शेजारणीशी बोलत होते.” शेजारीण गावाला गेली होती.

उन्हं उतरल्यावर बाबांचा हुणसूरहून फोन आला. “अक्का आमच्याकडं आहे,” म्हणाले. हुणसूर बरोबर वाटेत येतं. “गाडी लागली तिला.”

“वास नव्हता ना?” मी विचारलं.

“वास कसला. नुसती सरकत जाते ती गाडी, पोटात खड्डा पडतो म्हणे. बसपेक्षा जास्त लागली. आल्या आल्या आडवी झाली, माझ्या कापडाच्या टेबलाशेजारी. तुझे आतोबा उशाला बसलेत, वारा घालतायत.”

मी हे आत्याला सांगितलं. ती आत गेली आणि पुरणपोळ्यांवर ताट झाकलं. आम्हाला दोघांनाही एकच वाटत होतं, की आता आतोबा अक्काला परत पिरियापट्टणला सोडून येतील आणि अक्काचं म्हैसूर राहून जाईल. बाबांनाही तेच वाटत असावं. सकाळी त्यांचा पुन्हा फोन आला तेव्हा ते जरा गोंधळलेले होते. “निघाले,” म्हणाले.

“परत?”

“नाही, तिकडंच, तुमच्याकडं. अक्का ऐकेना. म्हणाली, परत जायलाही गाडीच लागायची, तर पुढं जाऊन लागू दे. पोट ढवळायला लागलं की उतरून चालायचं, बरं वाटलं की बसायचं, असं ठरवून निघालीय. तुझ्या आईनं सोबत येते म्हटलं तर नको म्हणाली. आम्ही दोघंच जातो, म्हणाली.”

त्या दिवशी मी कॉलेजला गेलो नाही. आतोबांचा फोन आला तो दुपारी, जेवणवेळ टळून गेल्यावर. आत्याचे हात पिठाचे होते, म्हणून मी घेतला. हुणसूर आणि म्हैसूरच्या मधलं बिळिकेरे त्यांनी मागं टाकलं होतं. अक्का रस्त्याच्या कडेनं चालत होती आणि आतोबा तिच्यामागून, माणसाच्या चालीनं, गाडी आणत होते. मागचे बसवाले शिव्या देऊन पुढं जात होते, ते मला फोनमध्ये ऐकू येत होतं.

“तिला दिसतंय का?” मी विचारलं. दुसरं काय विचारायचं ते मला कळलं नाही.

“समोरचं दिसतंय,” आतोबा म्हणाले. “मघाशी मागं वळून बघत उभी राहिली. मला वाटलं गाडी बघतेय. म्हणाली, तम्मा, तू म्हातारा झालास की रे. घरात येऊन बसायचास तेव्हा कधी ध्यानात आलं नाही.”

मागून पुन्हा एक बस हॉर्न देत पुढं गेली. नंतर म्हणाले, “आत्याला सांग, आम्ही येतोय. उशीर होईल.”